तबिथाबाईंच्या घराचं कडवं

जरा जवळ सरून बसा. माझा आवाज आता पहिल्यासारखा लांब जात नाही, आणि ही गोष्टही काही ओरडून सांगण्यासारखी नाही. मोठं आख्यान नाही हे. एका वहीतल्या एका ओळीची गोष्ट आहे. पण ऐकलीत तर रिकाम्या हातानं उठणार नाही, एवढं वचन देते.

त्या शनिवारी सकाळी मी वही घेऊन निघाले, तर पहिल्याच घरी, आमच्या शेजारीच, यहोशवाकाका पगारे म्हणाले, "मूतखडा लिही."

मी लिहायला लागले, तसा त्यांनी हात आडवा धरला. परवा पडला म्हणे, देवाची दया झाली, पण पदात तो शब्द बरा दिसणार नाही, तेव्हा 'दुखणं' लिही. आतून काकू म्हणाल्या, "दुखणं म्हणून कुणाला काय कळायचं? आख्ख्या आळीनं तुमचं ओरडणं ऐकलंय. मूतखडाच लिही गं." मी दोन्ही लिहिलं. मास्तर काय ते निवडतील, असं सांगून पुढच्या घराकडे वळले.

हे कशासाठी, ते आधी सांगते. प्रवरेच्या काठी आमचं बोरखेडं. तिथल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी कापणीचा सण असे. सकाळी उपासना, जेवणं, आणि दुपारी मंदिरापुढच्या मांडवात कीर्तन. उत्तररंग संपला की शांतवन मास्तर उपकारपद म्हणत. हे पद छापलेलं नव्हतं. मंडळीत घरं एकतीस, आणि दर घराला एक कडवं. त्या वर्षी देवानं त्या घराला काय दिलं, ते मास्तर एका ओळीत गुंफायचे आणि सगळे मिळून ध्रुवपद धरायचे:

*भरल्या घरी तुझे नाव, रित्या घरी तुझे नाव.*

मग पुढचं घर. कुणाच्या शेळीला तीन करडं झाली, कुणाचा पोर मॅट्रिक झाला, कुणाची चोरलेली सायकल सापडली. दर घरचे लोक आपलं कडवं कधी येतं म्हणून माना उंच करून बसत.

मास्तर आडनावाने ओहोळ. मिशन शाळेतून निवृत्त झालेले, चाळीस वर्षं कीर्तन केलेले. पांढरा फेटा, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. मी त्यांचं कीर्तन आईच्या मांडीवर बसून ऐकत आले. माझं कसं आहे, बोललेला उपदेश एका कानाने येतो आणि दुसऱ्याने जातो. गायलेला मात्र मुक्कामाला राहतो. लग्न होऊन त्याच गावात, दोन आळ्या सोडून, सासरी गेले तेव्हा कीर्तनात मागून सूर धरायची झील सुटणार नाही, याचाच मला जास्त आनंद झाला होता. हे मी नवऱ्याला, जयवंतला, सांगितलंही होतं. तो म्हणाला, "मग मांडव मास्तरांनाच घालायला सांगायचा होता."

दोन वर्षांपासून मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. म्हणून घरोघर जाऊन वही लिहायचं काम माझ्याकडे आलं. पदाच्या वेळी मी त्यांच्या डाव्या हाताला मागे उभी राहायची. घराचं नाव आणि त्यांची ओळ हळूच सांगायची. ते ती सुरात बसवायचे. ध्रुवपद झालं की मी म्हणायची, "पुढं," आणि पुढच्या घराचं नाव.

एक रीत मात्र जुनी होती. ज्या घरात त्या वर्षी मौत झाली, त्या घराला काही विचारायचं नाही. त्याच्यावरून पद तसंच पुढं न्यायचं. दुःखाच्या माणसाला उपकार मानायला लावू नये, हा त्यातला भाव. रीत मायेची होती, आजही मी तिला वाईट म्हणत नाही.

त्या वर्षी ते घर आमचं होतं. जयवंत गवंडी होता. आषाढात तालुक्याला एका इमारतीचा गिलावा करताना परांचीवरून पडला. सत्तावीस वर्षांचा होता. आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. घरात मी आणि सासूबाई, दोघी राहिलो.

मंडळीचे पाळकसाहेब म्हणाले होते, यंदा वही दुसऱ्या कुणाकडे देऊ. मी नको म्हटलं. हातांना काम हवं होतं. शिवाय तीस घरं मला त्यांचं त्यांचं सांगणार होती आणि एकतिसाव्या घराला कुणी काही विचारणार नव्हतं. ते मला बरं वाटत होतं.

दुपारी घरी आले तर आत्याबाई ओट्यावर सूप घेऊन ज्वारी पाखडत होत्या. सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो; गावाला त्या तबिथाबाई. मिशनच्या दवाखान्यात त्या दाई होत्या. माझ्यासकट अर्धं गाव त्यांच्या हातावर जन्मलं. बोलणं थोडं, आणि गळा असा की नाताळच्या गायनाच्या वेळी मास्तरांनी त्यांना एकदा नुसत्या टाळ्या वाजवायला सांगितलं होतं. त्या दर वर्षी ते हसून सांगायच्या.

"किती घरं झाली?" त्यांनी विचारलं.

"तीस."

"एकतीस आहेत."

"यंदा तीसच."

सूप दोनदा हललं. मग त्यांनी ते खाली ठेवलं आणि मला समोर बसायला सांगितलं. त्यांनी जे सांगितलं ते मला लग्नानंतर कुणीच सांगितलं नव्हतं. जयवंत पोटात असताना, पाचव्या महिन्यात, माझे सासरे दानियल पटकीनं गेले. तेव्हाही वही होती, तेव्हाही मास्तरच होते, डोळे चांगले असलेले. आत्याबाई कापणीच्या सणाला पोट सावरत शेवटच्या ओळीत जाऊन बसल्या होत्या.

"पगाऱ्यांचं घर झालं," त्या म्हणाल्या. "मग बनसोड्यांचं. मधे आमचं होतं. पद आमच्या घरावरून पुढं गेलं. सगळ्यांनी मायेनंच केलं ते. पण सालोमी, मला वाटलं, देवच पुढं गेला."

त्यानंतर दोन वर्षं त्यांनी मंदिराची पायरी चढली नव्हती.

मी विचारलं, मग काय लिहू? मला तर लिहिण्यासारखं काही दिसत नव्हतं. मागच्या वर्षी त्यांनीच एका कडव्यात दोन गोष्टी बसवा म्हणून मास्तरांशी हुज्जत घातली होती, सून आली आणि लेकानं मंदिरापुढं ओटा बांधला. तो ओटा होता, सून होती. या वर्षी त्यातलं काय गायचं?

"मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "लेक माझा होता, पण वही तुझ्या हातात आहे. खोटं मात्र लिहू नको. पदात खोटं आलं की मला ऐकू येतं. सूर येत नसला तरी."

"तुम्हाला देवाचा राग येत नाही?"

"येतो की." त्यांनी पुन्हा सूप उचललं. "पण बोलणं टाकलं नाही. एकदा टाकून बघितलं होतं, दोन वर्षं."

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मी वही पक्की लिहून काढली. पगारे लिहिलं, त्याखाली तबिथाबाई लिहिलं, पुढं जागा सोडली, त्याखाली बनसोडे. जागा तशीच राहिली. आत्याबाई शेजारी बसून वाती करत होत्या. त्यांनी वहीकडे पाहिलं नाही. सकाळी उपासनेला निघाले तेव्हाही ती जागा कोरीच होती. मी मनाशी ठरवलं की तिथं आल्यावर नाव न घेता 'पुढं' म्हणायचं आणि बनसोडे सांगायचं. रीत माझ्या बाजूची होती. कुणी बोट दाखवलं नसतं, आत्याबाईंनी तर मुळीच नाही.

दुपारी मांडव भरला. मास्तर उभे राहिले तो ओटा जयवंतचाच. मंदिराच्या दारापुढं, गुडघाभर उंचीचा, कडा गोल केलेल्या, पोरं पडली तर लागू नये म्हणून. ओट्याच्या एका अंगाला लोकांनी आणलेलं धान्य, भोपळे, उसाची मोळी, पाय बांधलेली एक कोंबडी जी अधूनमधून मास्तरांना उत्तर देत होती. उजवीकडे पुरुष, डावीकडे बाया. आत्याबाई तिसऱ्या ओळीत.

उत्तररंगाला मास्तरांनी मूठभर पिठाच्या विधवेचं आख्यान लावलं. दुष्काळात मडक्याच्या तळाला शेवटची मूठ राहिली, शेवटची भाकर करून मायलेकरांनी मरायचं ठरवलं, आणि त्याच वेळी दारात परका माणूस येऊन म्हणाला, आधी मला दे. इथं मास्तर थांबून आम्हा सगळ्यांना विचारत, "दिली असतीत का हो तुम्ही?" आणि दर वर्षी कुणीतरी खरं बोलून हशा पिकवायचं. त्या दिवशी पुढच्या ओळीतली एक म्हातारी म्हणाली, अर्धी दिली असती. तिनं भाकर दिली आणि मडकं कधी रितं झालं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी मास्तरांनी ते गाताना सूर असा चढवला की बाया डोळे पुसू लागल्या. मी नुसती चाल ऐकत होते. शब्द कानाशी येत होते आणि परत जात होते.

मग उपकारपद सुरू झालं. दाविदनं तबल्यावर ठेका धरला, मी वही उघडली. करडं झाली, मॅट्रिक झालं, विहिरीचा झरा मोकळा झाला. सोळावं घर पगाऱ्यांचं. मी दोन्ही शब्द मास्तरांना सांगितले. त्यांनी डोळे मिटले, चिपळ्या एकदा वाजवल्या आणि गायले:

*यहोशवाच्या पोटातला डोंगर हलला हो, देवाने हलविला.*

मांडव हसून लोटपोट झाला. यहोशवाकाका उठून उभे राहिले आणि चारी दिशांना हात जोडू लागले. काकूंनी त्यांचा सदरा ओढून त्यांना खाली बसवलं. हसत हसतच लोकांनी ध्रुवपद धरलं, भरल्या घरी तुझे नाव. माझं बोट कोऱ्या जागेवर होतं.

ध्रुवपद संपलं. 'पुढं' म्हणायला मी तोंड उघडलं.

तो शब्द मी त्या दिवशी पंधरा वेळा म्हटला होता. दोन वर्षांत किती वेळा म्हटला असेल, मोजलेला नाही. पण त्या वेळी तो तोंडाशी आला तो माझा म्हणून आलाच नाही. सुपामागून, आत्याबाईंच्या आवाजात आला. देवच पुढं गेला. आणि तो मला म्हणता येईना.

दाविदचा ठेका चालू होता. लोकांनी ध्रुवपद पुन्हा एकदा म्हटलं. मग आणखी एकदा, जरा हळू. हसणं विरलं. मास्तरांनी मान माझ्याकडे कलती केली. दुधी झालेले डोळे माझ्या खांद्यापलीकडे कुठंतरी बघत होते. बायांच्या बाजूला काहीजणींच्या आता लक्षात यायला लागलं होतं की पगाऱ्यांच्या पुढं कुणाचं घर आहे. त्यांनी माना खाली घातल्या. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या सतरंजीचं दुमडलेलं टोक सरळ करत होत्या. ते सरळ झाल्यावरही करत होत्या.

मी म्हटलं, "तबिथाबाईंचं घर."

मास्तरांची चिपळी चुकली. इतक्या वर्षांत मी ती चुकलेली ऐकली नव्हती. ते बनसोडे ऐकायच्या तयारीत होते. ओठांनीच त्यांनी विचारलं, काय?

मी वहीकडे पाहिलं. तिथं काही नव्हतं. खोटं नाही असं माझ्याजवळ एकच होतं.

"जयवंत होता," मी म्हटलं.

मास्तर कुठलीही ओळ आली तशी कधी गात नसत. मूतखड्याचा डोंगर करणारा माणूस. ही ओळ त्यांनी काही न लावता, खालच्या सुरात, एकदाच गायली:

*तबिथाबाईंच्या घरी जयवंत होता.*

यानंतर ध्रुवपद लोकांनी धरायचं असतं. कुणी धरलं नाही. दाविदचे हात तबल्यावर तसेच राहिले. कोंबडीसुद्धा गप्प होती. उपकार कशाचे मानायचे, हे त्या ओळीत कुणाला सापडत नसावं. मलाही सापडलेलं नव्हतं. मी फक्त तो होता एवढं सांगितलं होतं.

मग बायांकडून एक आवाज आला. जाड, फाटका, चाल सोडून बाजूने चाललेला. आत्याबाई बसल्या जागेवरून एकट्या म्हणत होत्या, भरल्या घरी तुझे नाव. त्यांचा सूर तिसऱ्या शब्दाला पार घसरला. त्यांनी तो सावरला नाही. पुढच्या अर्ध्याला आधी काकू पगारे आल्या, मग दाविदचा ठेका आला, मग मांडव आला: रित्या घरी तुझे नाव.

हे ध्रुवपद मी बोलायला लागल्यापासून म्हणत आले होते. त्याला दोन पाय आहेत, हे त्या दिवशी कळलं. तोवर मी लंगडी घालत होते.

मीही म्हटलं. दोन्ही अर्धे म्हटले. आणि मग म्हटलं, "पुढं. बनसोडे."

बनसोड्यांची चोरलेली सायकल सापडली होती. मास्तरांनी कडव्यात तिला घंटी लावली, चिपळ्यांनी ती वाजवूनही दाखवली. लोक पुन्हा हसले. आत्याबाईही हसल्या, मी मुद्दाम पाहिलं.

कीर्तन आटोपल्यावर मी मास्तरांना चहा नेऊन दिला. ते ओट्याच्या कडेला बसले होते, हाताने गोल केलेली कड चाचपत. मी विचारलं की तुम्ही माझ्यासाठी थांबला होतात का. मनात होतं की हो म्हणतील.

"मला काय ठाऊक, पोरी," ते म्हणाले. "मला वाटलं, तुला पान सापडत नाही."

त्यांनी बशीत चहा ओतला, निवू दिला, प्यायले. मग म्हणाले, "ती पोटुशी होती त्या वर्षी माझे डोळे चांगले होते. तरी तिचं घर मला दिसलं नाही."

बशी माझ्याकडे देऊन त्यांनी माझा दंड धरला आणि बायांकडे न्यायला सांगितलं. आत्याबाई सतरंजीची घडी घालत होत्या. मास्तरांनी फेटा नीट केला. मला वाटलं, आता हे क्षमेबद्दल काहीतरी बोलतील, त्यांना तसं छान बोलता यायचं.

"तबिथाबाई," ते म्हणाले, "दानियलचं राहिलं होतं."

आत्याबाईंनी घडी पुरी केली.

"अठ्ठावीस वर्षं राहिलंय," त्या म्हणाल्या. "आज उन्हाचं बसून लोक दमलेत. पुढच्या वर्षी घ्या."

पुढच्या वर्षी मास्तरांनी घेतलं. दानियल होता, एवढंच. त्याच वर्षी आणखी एका घरात तान्हं मूल गेलं होतं. मी वही घेऊन दारात उभी राहिले, काय लिहू विचारलं, आणि त्या बाईनं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या पायांनी आमच्याकडे आली. म्हणाली, नऊ दिवस होता, लिही. तेव्हापासून आमच्या मंडळीत कुठल्याच घरावरून पद पुढं जात नाही. कुणी असा ठराव केला नाही. मौत झालेल्या घरी मी विचारत राहिले आणि लोक सांगत राहिले. कुणी काही सांगितलं नाही तर मी नुसतं घराचं नाव घेते आणि मांडव ध्रुवपद धरतो. तेवढ्याने भागतं.

मास्तर गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. त्यांचा नातू आता कीर्तन करतो, चांगला गातो, पण डोंगर हलवायला अजून शिकायचा आहे. ओटा शाबूत आहे. एका कोपऱ्याचा गिलावा निघाला होता, तो मी बसवून घेतला. वही तिसरी चालू आहे. आत्याबाई एका चैत्रात गेल्या, झोपेत, हाताशी सूप ठेवून. त्या वर्षी आमच्या घराची ओळ लिहायला मला काही वेळ लागला नाही.

तर एवढीच गोष्ट. उठायच्या आधी एक मागते. तुमच्या घरी उपकार मानायला बसाल, घरात त्या वर्षी काय आलेलं असो की काय गेलेलं असो, तेव्हा तबिथाबाई भांबळ हे नाव एकदा घ्या. गाऊन घेतलंत तर फारच चांगलं. सूर घसरला तर घसरू द्या. त्यांचाही घसरायचा.